एकाच डब्यातला रंग

आधीच सांगून टाकतो, पुष्पी बरी आहे. दवाखान्याच्या गोष्टी वाचायला घेतल्या की मी स्वतः शेवटचं पान आधी उघडतो आणि मग सुरुवातीकडे वळतो. तुमचाही जीव टांगणीला लावायचा नाही. आत्ता मी हे लिहितो आहे आणि ती अंगणात आईशी वेणीवरून भांडते आहे.

लिहायचं कारण एवढंच, की आमच्या घरात एकाच डब्यातला रंग दोघांनी वापरला, एका मोठ्यानं आणि एका लहानानं. मोठ्याचं पोट दुखलं. लहानाचा जीव जायची वेळ आली. असं का झालं ते मला फार उशिरा कळलं. ज्याच्या घरात लहान मूल आहे त्याला ते लवकर कळावं, असं वाटतं.

रंगपेटी

मी वडशाचा शिंपी. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मशीन चालवतो. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, नाटकं सुरू होतात, आणि मी मशीनवर कापड टाकून नाटक मंडळाबरोबर रंगपेटी घेऊन निघतो. नटांची तोंडं रंगवणं हे माझं थंडीतलं काम. तेव्हा गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि निम्म्या गावांच्या पाट्यांवर अजून चंद्रपूरच लिहिलेलं होतं.

हे काम मला मामांनी शिकवलं. मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ. त्यांनी चाळीस वर्षं या भागातली तोंडं रंगवली. रंग आम्ही घरीच करायचो. हार्डवेअरच्या दुकानातून सफेदा आणायचा, लोक दारं-खिडक्या रंगवायला नेतात तोच. त्यात शेंदूर आणि थोडी मुर्दाडशिंगाची पिवळी पूड घालून खलायचं आणि खोबरेल तेलात मळून डब्यात भरायचं. एकदा लावला की घामानं ओघळत नसे आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नटाचं तोंड नीट दिसे. या रंगाचा मला अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

हंगामाच्या मध्यावर आमच्यातल्या कुणाकुणाच्या पोटात मुरडा उठायचा. चार-चार दिवस शौचाला व्हायचं नाही, बेंबीभोवती पीळ पडायचा. मंडळात त्याला ‘रंगाची कळ’ म्हणत. एरंडेल प्यायचं, पोट शेकायचं आणि पुढच्या गावाला जायचं. ज्याला कळ आली नाही तो अजून कच्चा, अशी थट्टासुद्धा चालायची. मला पहिल्यांदा कळ आली तेव्हा मामांनी पाठीवर थाप मारली होती.

आमच्या मंडळाची एक रीत होती. नाटकाआधी नमनाला एका लहान मुलाला देव म्हणून मखरात उभं करायचं. तोंडाला, मानेला, हातांना रंग, डोक्यावर मुकुट. नमन झालं की बाया येऊन पाया पडायच्या, मुलाच्या गालाचा रंग बोटाला लावून आपल्या लेकरांच्या कपाळाला टेकवायच्या. आणि देवाचा रंग पुसायचा नाही. आम्ही मोठे नाटक संपलं की तेल चोळून तोंड धुऊन टाकायचो. देवाचा रंग मात्र आपोआप जाऊ द्यायचा.

दोन हंगाम तो देव म्हणजे माझी पुष्पी होती. पहिल्या हंगामात चार वर्षांची, दुसऱ्यात पाच. नमनाच्या आठ ओळी ती न अडखळता म्हणायची. झोपताना तिला अंगठा चोखायची सवय होती. सकाळी उठायची तेव्हा अंगठा आणि ओठ तेवढे स्वच्छ असायचे, बाकी तोंड पांढरं. आम्ही हसायचो.

एका सकाळी माझी बायको शकुन ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसायला बसली. मी तिचा हात धरला आणि चार माणसांत तिला बोललो, की देवाचा रंग पुसतेस, काही समजतं का तुला. ती फडकं टाकून उठून गेली. हा प्रसंग मी गाळला असता, पण मग बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

कुरकुर

दुसऱ्या हंगामात संक्रांतीनंतर पुष्पी कुरकुर करू लागली. पोट दुखतं म्हणायची, जेवायची नाही. चुलीच्या मागच्या भिंतीचे पोपडे काढून खाताना शकुननं तिला दोनदा पकडलं. तोंड फिकट पडलं. जी पोर दिवसभर उड्या मारायची ती उंबऱ्याला अडखळून पडू लागली, आणि हात लावला तरी रडायची. वडशातल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. मी म्हणालो, नाटकवाल्याची पोर आहे, नाटकं करते.

मामा म्हणाले, “पोट्टीले नजर लागली असन. एवढ्या बाया पाया पडतेत.”

माझंही त्या हंगामात काही ठीक नव्हतं. कळ नेहमीपेक्षा जास्त होती आणि उजवं मनगट ढिलं पडलं होतं. कुंचला धरला की हात पुढून खाली लोंबायचा. मला वाटलं, मशीन आणि कुंचला दोन्ही करून दमला असेल. डाव्या हातानं उजवं मनगट उचलून धरायचं आणि तोंडं रंगवायची, असं माझं चाललं होतं.

मग एका सकाळी शकुन पुष्पीचे केस विंचरत होती आणि पोर तिच्या मांडीवर ताठ झाली. डोळे वर गेले, हातपाय झटकू लागले. किती वेळ चाललं कोण जाणे. थांबलं तेव्हा ती आमच्याकडे बघत होती, पण आम्हाला ओळखत नव्हती. डॉक्टर धावत आले, सुई दिली आणि म्हणाले, चांद्याला न्या, आत्ताच.

चांद्याची गाडी

चांदा म्हणजे चंद्रपूर. तेव्हा तिकडे छोट्या लाईनची गाडी जायची. धावत्या गाडीतून उतरून, बोरं तोडून पुन्हा चढता येतं, अशी आम्हीच तिची टिंगल करायचो. त्या दिवशी प्रत्येक स्टेशनावर ती थांबली की मी खिडकीबाहेर डोकं काढून सिग्नल बघायचो. शकुनच्या मांडीवर पुष्पीचं डोकं, माझ्या मांडीवर पाय. कुणी नाकाशी धरायला कांदा फोडून दिला, कुणी अंगावर चादर घातली. मूल स्टेशन गेल्यावर तिला पुन्हा एकदा झटका आला. तिला धरायला मी दोन्ही हात पुढे केले आणि उजवा हात नुसता लोंबत राहिला.

मी जन्मात इतका घाबरलो नव्हतो. देवाचं नाव घ्यावं तर डोळ्यांसमोर मुकुट घातलेली तीच यायची.

सहीचा कागद

चांद्याच्या दवाखान्यात एक डॉक्टरबाई होत्या, पुण्याकडच्या असाव्यात. त्यांनी पुष्पीला तपासलं, रक्त घेतलं, सलाईन लावलं आणि माझ्यापुढे सहीचा कागद ठेवला. मी पेन उचललं. हात खाली पडला. मी डाव्या हातानं मनगट उचललं आणि सही करायला लागलो.

“हे कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“कामानं झालं बाई. पोट्टीचं पाहा.”

“तोंड उघडा.”

मला रागच आला. पोर पलंगावर पडलेली आणि ही बाई माझे दात बघते. त्यांनी माझा ओठ खाली ओढला आणि हिरडीकडे बराच वेळ पाहिलं.

“तंबाखू, खर्रा खाता?”

“खातो.”

“ही रेघ खर्ऱ्याची नाही. निळसर आहे. काय काम करता तुम्ही?”

“कपडे शिवतो.”

हे खरंच होतं, पण अर्धंच. थंडीतलं काम मी काम म्हणून धरतच नव्हतो, ती हौस. मागून शकुन म्हणाली, “आनि तोंडं रंगवतेत नाटकात. पोट्टीचं बी रंगवतेत.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. रंग कशाचा, कुठून आणता, किती वेळ अंगावर राहतो, सगळं विचारलं. सफेदा म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. मग पुष्पीच्या गुडघ्यांचा एक्स-रे फोटो काढायला सांगितला. पोटाचं दुखणं, डोक्याचे झटके आणि फोटो गुडघ्याचा, मला काही कळेना.

संध्याकाळी त्यांनी तो फोटो खिडकीच्या उजेडात धरला. गुडघ्याजवळ, जिथं मांडीचं हाड संपतं तिथं, खडूनं ओढावी तशी एक पांढरी रेघ होती.

“हे शिसं आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या सफेद्यातलं, शेंदरातलं. रक्तातही खुणा दिसल्या. हे तिच्या अंगात दोन वर्षं साठत होतं.”

म्हणजे आजारी ती होती आणि तिच्या आजाराची खूण माझ्या तोंडात होती.

शिंप्याला समजलेली गोष्ट

मी त्यांना म्हणालो, बाई, हा रंग मी पंधरा वर्षं लावतोय, माझ्या मामांनी चाळीस वर्षं लावला. आम्ही चालतो, फिरतो, जेवतो. हिला दोन हंगामांत एवढं कसं होईल?

त्या आधी जरा चिडल्या, मग बाकावर माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, तुमच्या पोटात गेलं त्यातलं बरंचसं बाहेर पडून जातं. तिच्या पोटात गेलं की शरीर धरून ठेवतं. वाढत्या हाडाला चुना हवा असतो, आणि शिसं त्याला चुन्यासारखंच वाटतं, म्हणून ते हावरटासारखं घेतं. तुमच्या गुडघ्याचा फोटो काढला तर ही रेघ दिसणार नाही. तुमची हाडं वाढून संपली. तिचा मेंदूही अजून तयार होतो आहे. वर ती अंगठा चोखते.

“लहान मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे,” त्या म्हणाल्या.

आता हे मला कुणी सांगायची गरज होती का? मी शिंपी. मोठ्याच्या सदऱ्याचं माप निम्मं केलं तर पोराचा सदरा होत नाही, हे मी शिकाऊ मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. पोराचं डोकं अंगाच्या मानानं मोठं, मान आखूड, पोट पुढे. गळा वेगळा काढावा लागतो, बाही वेगळी. कापडात जे मला इतक्या वर्षांपासून ठाऊक होतं ते पोटच्या पोरीबद्दल माझ्या डोक्यात आलं नाही. मी तिथंच बाकावर बसून रडलो. डॉक्टरबाई उठून गेल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

मग मी विचारलं, पोर वाचेल का. त्या म्हणाल्या, “जीव वाचेल असं वाटतं. मेंदूला किती लागलं आणि त्यातलं किती परत येईल, ते आज सांगता येणार नाही.”

त्यानंतर माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं, पोर वाचेल, पण आमची पुष्पी परत येईल का.

दोन वॉर्ड

लागणारी इंजेक्शनं चांद्यात पुरेशी नव्हती, नागपूरहून आणायची होती. आमच्या मंडळातले गोविंदभाऊ खबर मिळताच आले आणि चिठ्ठी घेऊन त्याच पावली नागपूरच्या बसमध्ये बसले. गोविंदभाऊ नाटकात दुष्ट पाटील व्हायचे. भरघोस मिशा, मोठा आवाज. प्रत्यक्षात मुंगी मारणार नाहीत, पण पुष्पी त्यांना इतकी घाबरायची की ते दिसले की माझ्या धोतराआड लपायची.

माझी कळ आणि लोंबतं मनगटही शिशाचंच, म्हणून मलाही भरती करून घेतलं. ती मुलांच्या वॉर्डात, मी व्हरांड्यापलीकडे पुरुषांच्या. मला गोळ्या, तिला दर चार तासांनी मांडीत सुई. तिच्या रडण्याचा आवाज मला पलंगावर ऐकू यायचा, पण पहिले दोन दिवस तर ती रडायचीही नाही. सकाळी फरशी पुसली जायची, मग चहा आणि पाव, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारभर पंख्याची कुरकुर. मी व्हरांड्याच्या दारात उभा राहायचो. भेटायची वेळ ठरलेली होती आणि बाकी वेळ रुग्णानं पलंगावर असायचं.

तिथल्या लीलाबाई नावाच्या आयाबाईंनी मला दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्या हळूच म्हणाल्या, “भाऊ, डॉक्टरबाई जेवाले गेल्या. दहा मिनिटं जाऊन बसा पोट्टीपाशी. कोनी इचारलं तं मले काई माईत नाई.” मग रोज दुपारी त्यांना काही माहीत नसायचं.

शकुन माझ्याशी बोलत नव्हती. पुष्पीला पाणी पाजायची, अंग पुसायची, आणि मी गेलो की खिडकीबाहेर बघायची. तिसऱ्या का चौथ्या दुपारी मीच म्हणालो, तू पुसत होतीस, माझं चुकलं.

तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, “मी पुसून राह्यली होती. तुमी हात धरला. पन मी बी दुसऱ्या दिवशी पुसलं नाई. काऊन नाई पुसलं मी?”

 त्या दुपारपासून ती माझ्यासाठी डब्यातली अर्धी भाकर बाजूला ठेवू लागली.

पुष्पीचे झटके थांबले होते. ती डोळे उघडून पडलेली असायची. शकुन नमनाच्या ओळी तिच्या कानाशी म्हणायची आणि मध्येच थांबायची, म्हणजे पोर पुढची ओळ म्हणेल. पोर काही म्हणायची नाही.

पाटील आला

नागपूरहून परतल्यापासून गोविंदभाऊ दवाखान्याच्या फाटकाबाहेरच असायचे. काही लागलं तर धावायचे, पण वॉर्डात पाऊल टाकायचे नाहीत. पोट्टी मले पाहून भेते, म्हणायचे. सहाव्या दिवशी शकुन त्यांना हाताला धरून आत घेऊन आली. ते पलंगाच्या पायाशी उभे राहून मिशांवरून हात फिरवत राहिले.

पुष्पीनं मान वळवली. त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं दोन्ही हातांनी चादर ओढून डोक्यावर घेतली आणि आतून बारीक आवाज आला, “आई, पाटील आला.”

 मग शकुन हसू लागली, हसता हसता रडू लागली. गोविंदभाऊ तर माझा लोंबता हात धरून खालीच बसले आणि मला म्हणाले,

“वासू, भेली ना मले. वळखलं तिनं मले.”

इतक्या वर्षांत त्यांना टाळ्या पुष्कळ मिळाल्या होत्या, पण कुणी आपल्याला घाबरलं म्हणून इतका खूष झालेला नट मी पाहिला नाही. लीलाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, पाटील साहेब, रोज येत जा.

ते रोज येऊ लागले. दोन दिवसांनी ती चादरीतून एक डोळा काढून बघायची. चार दिवसांनी त्यांच्या मिशा ओढत होती. नमनाच्या ओळी हळूहळू आल्या, आधी शेवटच्या, मग मधल्या. सुयांचा दुसरा फेरा झाला तेव्हा ती प्रत्येक सुईला डॉक्टरबाईंना शिव्या देत होती. त्या म्हणायच्या, देऊ दे, छान देते आहे.

मामांचा पंचा

घरी आलो तेव्हा मामा ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. ते ऐकायला तयार नव्हते. “चाळीस साल मी हाच रंग लावून राह्यलो. मले काय झालं?”

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. चहाची बशी धरली की ते हात कापायचे, इतके कापायचे की चहा धोतरावर सांडायचा. आम्ही म्हातारपण म्हणायचो. माझी नजर त्यांनी पाहिली. त्यांनी बशी खाली ठेवली.

दिवाळीनंतर पहिलं नाटक लागलं. नटांसाठी मी नागपूरहून शिसं नसलेले रंग आणले होते. नमनाला वेगळ्याच घरची एक मुलगी होती. तिच्या आईनं सवयीनं तिला माझ्यापुढे बसवलं. मी काही बोलायच्या आत मामा काठी टेकत पुढे आले. त्यांच्या खांद्यावर ओला पंचा होता. मुलीच्या स्वच्छ तोंडावरून त्यांनी तो फिरवला आणि कपाळाला बोटानं चंदनाचा टिळा लावला.

“बस. देवाले एवढंच.”

कुणीतरी कुरकुरलं, की देव फिका दिसेल. मामा म्हणाले, “फिका दिसू दे. मी चाळीस साल रंगवलं, मी सांगून राह्यलो.” त्यांच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

दुसरा फोटो

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पुष्पीला पाढे उशिरा आले. एखादी गोष्ट तिला दोनदा सांगावी लागते, आणि ती लवकर चिडते. हे शिशामुळे की बापावर गेली आहे म्हणून, ते डॉक्टरबाईंनाही सांगता येत नाही. माझं मनगट वर्षभरात उचललं जाऊ लागलं. कळ त्यानंतर आली नाही.

दीड वर्षानं आम्ही पुन्हा चांद्याला गेलो. डॉक्टरबाईंनी गुडघ्याचा नवा फोटो काढला आणि जुन्याशेजारी खिडकीला धरला. नव्या फोटोतही ती रेघ होती. जरा पुसट झालेली, पण होती. 

“अजून आहे,” मी म्हणालो.

“नीट बघा. कुठे आहे?”

जुन्या फोटोत रेघ हाडाच्या टोकाला चिकटलेली होती. नव्यात ती वर, मांडीच्या बाजूला होती, आणि तिच्याखाली स्वच्छ हाड होतं.

“रेघ हललेली नाही,” त्या म्हणाल्या. “ती तिथंच आहे. मुलगी तिच्या पुढे वाढली. हे खालचं सगळं नवं हाड आहे, शिशाशिवायचं.”

माझ्या खिशात टेप होती, शिंप्याच्या असतेच. मी ती काढली आणि काचेवरच्या फोटोला लावली. मनगट लोंबलं नाही. अर्धा इंच भरला.

बाहेर बाकावर शकुन पुष्पीला मांडीवर घेऊन बसली होती. पोर आता मांडीत मावत नव्हती, पाय बाकाखाली लोंबत होते.

“काय म्हनते डॉक्टर?” तिनं विचारलं.

“हिच्या फ्रॉकची खालची दुमड उसवावी लागन,” मी म्हणालो. “आखूड होऊन राह्यला.”